जुन्या झेनचा टायमिंग बेल्ट: ताण कसा लावायचा

आधीच सांगून टाकतो, मी मिस्त्री नाही. नोकरी टेबलावरची आहे, पण दारात वडिलांनी घेतलेली १९९८ ची मारुती झेन उभी आहे, कार्ब्युरेटरवाली, आणि ती विकायची नाही असं घरात ठरलंय त्यामुळे तिचं बरंचसं काम हळूहळू शिकून मीच करायला लागलो. टायमिंग बेल्टला मात्र बरीच वर्षं हात लावला नव्हता कारण सगळे सांगायचे की ते एक काम सोडून बाकी काहीही कर. म्हणून एकदा बाहेरच्या गॅरेजला टाकली. तिथल्या मिस्त्रीने टेन्शनरच्या (बेल्टवर टेकून त्याला ताण देणारी छोटी चाकी) मागे मोठा स्क्रू ड्रायव्हर घातला, जोर लावून टेन्शनर बेल्टवर दाबला, तसाच धरून बोल्ट आवळला आणि म्हणाला एकदम कडक बसवलाय, आता बघायला नको. आठवड्याभरात इंजिनातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला, अॅक्सिलरेटर दिला की शिट्टी वर चढायची, आणि काही महिन्यांत टेन्शनरचं बेअरिंग खरखरायला लागलं. तेव्हा मॅन्युअल उघडून बसलो आणि कळलं की या इंजिनात बेल्टचा ताण माणसाने लावायचाच नसतो, तो स्प्रिंग लावते. आपलं काम फक्त स्प्रिंगच्या वाटेत काही येऊ न देणं एवढंच. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

मी लिहितोय ते झेनच्या ९९३ सीसी चार सिलिंडर इंजिनाबद्दल. एस्टीम आणि जिप्सी किंगचं १२९८ सीसी इंजिन त्याच घराण्यातलं, तिथेही पद्धत हीच. ८०० आणि ऑम्नीच्या ७९६ सीसी तीन सिलिंडरमध्येही टेन्शनर स्प्रिंगचाच आहे, पण खुणांच्या जागा आणि बोल्ट आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. नवीन चेनवाल्या गाड्यांचा इथे काही संबंध नाही, आणि डिझेलवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

आता ताण म्हणजे नक्की काय ते डोक्यात बसलं पाहिजे, नाहीतर पुढचं नुसतं पाठांतर होईल. खाली क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दात असलेली छोटी पुली, वर कॅमची (व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या झडपा, वेळेवर उघडणारा दांडा) तिच्या दुप्पट दातांची मोठी पुली, दोन्हींवर दातांचा रबरी बेल्ट. इंजिन चालू असताना क्रँक बेल्टला एका बाजूने खाली ओढतो, ती बाजू आपोआप ताठ राहते. दुसऱ्या बाजूला बेल्ट क्रँकवरून सुटून वर जातो, जो काही ढिलेपणा असतो तो सगळा तिकडे गोळा होतो आणि म्हणून टेन्शनरही तिकडेच बसवलेला असतो. बेल्ट ढिला राहिला तर याच बाजूला तो फडफडतो, कव्हरला घासतो, आणि एखाद्या दिवशी पुलीवर एक दात ओलांडून सरकतो, त्यालाच दात उडणं म्हणतात. क्रँकच्या पुलीला समजा २० दात असतील तर एक दात उडाला म्हणजे टायमिंग क्रँकच्या हिशोबाने १८ अंश सरकलं, मग गाडी ओढत नाही, गरम होते, कधी चालूच होत नाही. उलट फार कडक असेल तर लगेच काही होत नाही, हाच त्रास आहे, गाडी मस्त चालते आणि आत टेन्शनरचं बेअरिंग, कॅमचा पुढचा भाग आणि बेल्टच्या आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या हळूहळू मरत राहतात. आपल्याकडे घट्ट म्हणजे चांगलं असा एक समज आहे, नटबोल्टपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत, तो इथे सोडून यायचा.

अजून एक, हे इंजिन सगळं अॅल्युमिनियमचं आहे. गरम झालं की ते फुगतं, दोन्ही पुल्यांमधलं अंतर किंचित वाढतं आणि बेल्ट आपोआप जास्त ताणला जातो. म्हणजे थंड इंजिनावर बरोबर वाटणारा ताण गरम झाल्यावर वाढणारच आहे, ते धरूनच ती स्प्रिंग दिलेली आहे. म्हणून हे काम थंड इंजिनावरच करायचं. मी रात्री गाडी लावतो आणि सकाळी चहा घेऊन सुरू करतो, त्यात ऊनही लागत नाही.

सामान काय लागेल तर १० पासून १७-१९ पर्यंतचे सॉकेट, एक्स्टेन्शन, रिंग पाने, फिलर गेज (बारीक फट मोजायची पातळ पाती), पांढरा मार्कर किंवा नेलपेंट, जॅक आणि जॅकशिवाय वेगळा टेकू, आणि टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना. लहान रेंजचा टॉर्क रेंच लागतो, ट्रकच्या चाकाचा नाही. विकत घ्यायचा नसेल तर कोणाचा तरी मागून आणा पण अंदाजाने करू नका, का ते पुढे येईल. पार्ट्समध्ये बेल्ट, टेन्शनर बेअरिंग आणि टेन्शनरची स्प्रिंग. स्प्रिंग नवीन घ्यायचीच, ती काही फार महाग नसते आणि दुकानदार म्हणेल की जुनीच चालते हो, तर त्याला चालू दे, आपण नवीन घ्यायची कारण सगळा ताण तिच्यावर ठरणार आहे आणि वीस वर्षं ताणून राहिलेली स्प्रिंग किती ओढते हे डोळ्यांनी कळत नाही. मी पुण्याला गेलो की नाना पेठेतून आणतो, गावात जेन्युइन पार्ट मिळाला तर तोही ठीकच. बेल्टची घडी घालायची नाही, मुडपायचा नाही, पिशवीत वरून जड सामान टाकायचं नाही.

उघडायचं काम पटापट सांगतो कारण त्यात फार काही शिकण्यासारखं नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, बेल्टच्या बाजूचं पुढचं चाक काढून खाली टेकू. नुसत्या जॅकवर विसंबून हात आत घालायचा नाही, हे दहा वेळा सांगितलं तरी कमीच. फॅन बेल्ट ढिला करायच्या आधी वॉटर पंपच्या पुलीचे बोल्ट थोडे सैल करून घ्या कारण बेल्ट असेपर्यंत पुली धरून राहते, नंतर ती हातात गरगर फिरते आणि बोल्ट सुटत नाहीत. (पंखा विजेवर चालतो तरी सगळे त्याला फॅन बेल्टच म्हणतात, असो.) एसी असेल तर त्याचा बेल्टही काढा. मग क्रँकची बाहेरची पुली, आणि टायमिंग कव्हर. सगळे प्लग काढून ठेवा म्हणजे कॉम्प्रेशन राहत नाही आणि इंजिन पान्याने हलकं फिरतं. सुटलेले बोल्ट कुठले कुठे बसतात ते पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यात खोचून ठेवायची सवय लावा, लांबी सारखी नसते.

कव्हर उघडलं की बेल्टला हात लावायच्या आधी टॉर्च मारून नीट बघा. क्रँकच्या सीलमधून किंवा कॅमच्या सीलमधून ऑइल झिरपतंय का. तेलात भिजलेला बेल्ट फुगतो, त्याचा ताण कसाही लावला तरी टिकत नाही, म्हणून सील ओलं दिसलं तर आधी सील. वॉटर पंपही याच कव्हरच्या मागे आहे, तो टायमिंग बेल्टवर चालत नाही पण बदलायचा झाला तर पुन्हा एवढं सगळं उघडावं लागतं, त्यामुळे त्याची पुली हलवून बघा, खेळ वाटला किंवा पाण्याचे डाग दिसले तर आत्ताच बदला.

आता खुणा जुळवायच्या. गाडी न्यूट्रलला, क्रँकच्या मधल्या बोल्टावर सॉकेट लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं, पुल्यांकडे तोंड करून बघताना. उलटं फिरवायचं नाही, आणि कॅमच्या बोल्टाला पाना लावून तर इंजिन फिरवायचंच नाही. खाली क्रँकच्या दातेरी पुलीवर एक पंच मार्क (ठोकून केलेली छोटी खळी) आहे, तो ऑइल पंपाच्या अंगावरच्या बाणासमोर आणायचा. त्याच वेळी वर कॅम पुलीवरची खूण, बऱ्याच पुल्यांवर ती ई या इंग्रजी अक्षराजवळ असते, वरच्या व्ही आकाराच्या खाचेसमोर यायला हवी. खाली जुळलं आणि वर खूण बरोबर उलट्या बाजूला दिसली तर घाबरू नका, क्रँकचा अजून एक फेरा द्या, कॅम अर्ध्या वेगाने फिरतो ना.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे बाहेरच्या पुलीवरची खाच आणि कव्हरवरचे अंशांचे आकडे बघून टायमिंग बसवणं. ती पट्टी प्लगच्या ठिणगीचं टायमिंग बघायला असते, बेल्टला नाही. दुसरी चूक म्हणजे पुली दांड्यावर फिरू नये म्हणून घातलेल्या लोखंडी चावीची खाच हीच खूण समजणं. पंच मार्क छोटा असतो, वर ग्रीस आणि धूळ बसलेली असते, कापडाने पुसा आणि पांढरा ठिपका द्या. दोन्हीकडे ठिपके देऊन मोबाईलने फोटो काढून ठेवा, अगदी समोरून, तिरका नको, तिरक्या फोटोत अर्धा दात सहज इकडचा तिकडे दिसतो.

खुणा जुळल्यावर, बेल्ट काढायच्या आधी, जे काम जवळपास सगळीकडे गाळतात ते करायचं. इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर उघडा आणि रॉकरवरचे (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे) सगळे अॅडजस्टिंग स्क्रू, म्हणजेच टॅपेट, इनटेकचे पण आणि एक्झॉस्टचे पण, नट सैल करून पूर्ण ढिले करा. का? तर कॅमवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा दाब असतो, तो दाब कॅमला कुठेतरी एका बाजूला ढकलत असतो. कॅम असा अडलेला असताना टेन्शनरच्या छोट्या स्प्रिंगने बेल्ट ओढला तर ती बिचारी बेल्ट ताणतेय की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांशी कुस्ती खेळतेय हे तिलाच कळत नाही. कधी ताण कमी भरतो, कधी एका बाजूला साठून राहतो. टॅपेट ढिले केले की कॅम हाताने मोकळा फिरतो आणि स्प्रिंगचा पूर्ण जोर बेल्टवर जातो. मिस्त्री लोक हे टाळतात कारण नंतर टॅपेट सेटिंग परत करावं लागतं, तास दीड तास वाढतो, आणि तेवढ्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, त्यांचंही चूक म्हणता येत नाही. पण मग ताण अंदाजाने भरावा लागतो, आणि तिथूनच तो स्क्रू ड्रायव्हर येतो. टॅपेट ढिले असले की व्हॉल्व्ह बंदच राहतात, त्यामुळे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडायची भीतीही कमी होते. तरीसुद्धा बेल्ट काढल्यावर क्रँक किंवा कॅम उगाच फिरवायचा नाही.

जुना बेल्ट काढा, तो परत वापरणार असाल तर त्यावर फिरायच्या दिशेचा बाण खडूने काढून ठेवा. टेन्शनर काढा. बेअरिंग बोटावर फिरवून बघा, खरखर झाली किंवा अगदी मोकळं भिंगरीसारखं फिरत राहिलं तर आतलं ग्रीस संपलंय. पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये ते धुवायचं नाही, आतलं उरलेलं ग्रीसही निघून जाईल. पुल्या मात्र कोरड्या कापडाने स्वच्छ करा.

टेन्शनर बसवताना एक बारकी गोष्ट आहे. टेन्शनरच्या मागे एक पत्र्याची प्लेट असते, तिला छोटं नाक आहे, ते टेन्शनरच्या भोकात बसलं पाहिजे. बसवून बोल्ट फक्त हात टाईट करा, पाना नको. आता प्लेट हाताने हलवा, टेन्शनर तिच्याबरोबर हलला पाहिजे. प्लेट हलतेय आणि टेन्शनर जागचा ढिम्म, तर नाक भोकात नाही, परत काढा. हे न बघता पुढे गेलात तर स्प्रिंग प्लेटला ओढत बसेल आणि टेन्शनरला पत्ताच नसेल. मी पहिल्या वेळी नेमकं हेच केलं होतं, सगळं लावून झालं आणि बेल्ट लोंबतोय, अर्धा तास बेल्ट चुकीचा आणला म्हणून दुकानदाराला शिव्या देत होतो.

मग बेल्ट चढवायचा. टेन्शनरची प्लेट बोटाने वर दाबून टेन्शनर बाजूला धरा म्हणजे जागा होते. बेल्टवर बाण छापलेला असेल तर तो क्रँकच्या फिरण्याच्या दिशेने. ज्या बाजूला टेन्शनर नाही त्या बाजूला बेल्ट सरळ ताठ बसला पाहिजे, तिथे जराही ढिल नको, आणि त्याच वेळी वर खाली दोन्ही खुणा जागेवर पाहिजेत. नेहमी होतं काय की बेल्ट चढवताना कॅम थोडासा सरकतो आणि खूण अर्धा दात पुढे मागे दिसते, अर्धा दात असा प्रकार नसतो, एकतर बरोबर आहे किंवा एक दात चुकलाय, परत काढून चढवा. बेल्ट बोटांनीच चढवायचा. पुलीवर चढत नाही म्हणून पेचकसाने रेटला तर आतली दोरी तुटते, वरून काहीच दिसत नाही आणि तो बेल्ट काही हजार किलोमीटरवर दगा देतो.

बेल्ट बसला की स्प्रिंग लावा, तिच्यावरची रबराची नळी विसरू नका, ती स्प्रिंग थरथरू नये म्हणून असते. स्टडचा, म्हणजे टेन्शनरच्या प्लेटमधून आलेल्या आटेवाल्या दांड्याचा, नट फक्त हात टाईट. बोल्ट अजून ढिलाच. आता बोट काढून घ्या. स्प्रिंग खेचेल आणि टेन्शनर बेल्टवर जाऊन टेकेल. इथे हात शिवशिवतात, बेल्ट अजून थोडा मऊ वाटतो आणि वाटतं जरा दाबावं. नाही दाबायचं.

आता क्रँकला घड्याळाच्या दिशेने सावकाश पूर्ण दोन फेरे द्या. दोनच का, तर क्रँकचे दोन म्हणजे कॅमचा एक पूर्ण फेरा, त्यात बेल्ट प्रत्येक दातात नीट बसतो, ताठ बाजूला अडकलेली उरलीसुरली ढिल फिरून टेन्शनरच्या बाजूला येते आणि स्प्रिंग ती गिळून टाकते. फिरवताना टेन्शनरकडे बघत राहा, तो हळूच सरकताना दिसेल, हे बघायला मला अजून मजा येते. कुठे कडक अडलं तर जोर लावायचा नाही, थांबा, काहीतरी चुकलंय.

दोन फेऱ्यांनंतर परत त्याच जागी येऊन थांबा. खूण ओलांडून पुढे गेलात तर मागे आणायचं नाही, कारण उलटं फिरवलं की ढिल ताठ बाजूला जाते आणि सगळं मुसळ केरात. अजून दोन फेरे द्या आणि नीट थांबा. पुल्यांवरच्या खुणा जुळल्या पाहिजेत. नवीन बेल्टवर रंगाच्या रेघा असतील तर त्या आता भलतीकडेच दिसतील, त्याने दचकू नका, बेल्टच्या दातांचा आणि पुल्यांच्या दातांचा हिशोब दोन फेऱ्यात परत जुळत नाही, त्या रेघा फक्त चढवताना मदतीला असतात.

मग आवळायचं, आणि क्रम महत्त्वाचा. आधी स्टडचा नट, नंतर बोल्ट. नट प्लेटला जागेवर धरतो. बोल्ट आधी आवळायला गेलात तर पान्याबरोबर टेन्शनरही किंचित फिरू शकतो आणि स्प्रिंगने ठरवलेली जागा तुम्ही बदलून टाकता. स्टडला ११ न्यूटन मीटरच्या आसपास, बोल्टला २५ ते २७. अकरा म्हणजे फार कमी आहे, लहान पान्यावर मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. आवळून आवळून अॅल्युमिनियममधले आटे गेले की हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवायला माणूस शोधत फिरावं लागतं, म्हणून टॉर्क रेंचचा एवढा आग्रह धरला.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, बोल्ट आवळला की स्प्रिंगचं काम संपलं. या गाड्यांमध्ये टेन्शनर चालताना स्वतःहून ताण भरत नाही, सेट करतानाच काय ती स्प्रिंग ओढते, नंतर सगळं बोल्टने जखडलेलं असतं. म्हणून त्या वेळी जो ताण बसला तोच पुढची काही वर्षं राहणार आहे. आणि म्हणूनच काही दिवसांनी बेल्ट ढिला वाटला म्हणून नुसता टेन्शनर सैल करून ढकलायचा नाही, टॅपेटपासून पूर्ण प्रक्रिया परत करायची.

अंगठ्याने दाबून बघायचा मोह सगळ्यांना होतो, बघा खुशाल, पण त्यावर निर्णय घेऊ नका. बरोबर लागलेला बेल्ट गिटारच्या तारेसारखा टणक नसतो आणि दोरीवरच्या ओल्या चादरीसारखा लोंबतही नाही, एवढंच सांगता येईल. बेल्ट दोन बोटात धरून ९० अंश वळला की बरोबर असं जे ऐकायला मिळतं ते जुन्या फोक्सवॅगनच्या काही इंजिनांसाठी होतं, तिथे खरोखर तशीच पद्धत होती, पण तो नियम सगळ्या गाड्यांना लावत सुटायचं नाही. बेल्टची लांबी, रुंदी, मधलं अंतर सगळंच वेगळं, मग बोटांचं माप सारखं कसं असेल.

हल्ली बेल्टला टिचकी मारून मोबाईलच्या माइकवर कंपनं मोजतात. तत्त्व बरोबर आहे, तंबोऱ्याची तार जशी पिळली की सूर चढतो तसंच. फक्त ताण कंपनांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे हर्ट्झचा (सेकंदाला किती कंपनं) आकडा दुप्पट आला तर ताण चौपट झालेला असतो, त्यामुळे आकड्यातला थोडा फरकही मोठा असतो. आणि आपल्या इंजिनासाठी कंपनीने हर्ट्झमध्ये आकडा दिलेला असेल तरच त्याचा उपयोग, नाहीतर आकडा आला पण बरोबर का चूक ते कशाशी ताडून बघणार.

आता टॅपेट सेटिंग. इंजिन थंडच आहे, तेव्हा मॅन्युअलमधला थंड इंजिनाचा आकडा घ्या, इनटेक आणि एक्झॉस्टचा वेगळा असेल तर वेगळा. फिलर गेजचं पातं स्क्रू आणि व्हॉल्व्हमधल्या फटीत किंचित ओढ लागून सरकलं पाहिजे. घाईघाईत एखादा स्क्रू ढिला राहिला तर इंजिन टकटक करेल आणि तुम्हाला वाटेल बेल्टच चुकला. कव्हरचं गॅस्केट कडक झालं असेल तर बदला, नाहीतर तिथून गळणारं ऑइल खाली बेल्टवरच येतं.

टायमिंग कव्हर, पुल्या, फॅन बेल्ट, प्लग, चाक, बॅटरी असं उलट्या क्रमाने सगळं परत. स्टार्टर मारायच्या आधी पान्याने अजून एकदा दोन फेरे देऊन बघतो मी, वेड म्हणा, पण कुठे काही आदळत नाही हे हाताला कळलं की मन शांत होतं. मग स्टार्ट. पहिलं मिनिटभर रेस द्यायची नाही, बॉनेट उघडं ठेवून नुसतं ऐकायचं. रेसबरोबर चढणारी शिट्टी किंवा हुंकार आला तर बेल्ट कडक आहे. कव्हरमधून फटफट, टपटप, विशेषतः अॅक्सिलरेटर सोडताना, तर ढिला. दोन्हीमध्ये बंद करून परत उघडायचं, चालवून बघू, बसेल आपोआप असं होत नाही. कार्ब्युरेटरवाली असेल तर डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) टायमिंग, टायमिंग लाइट लावून तपासून घ्या, बेल्ट बदलल्यावर ते थोडं हललेलं असतं. आवाज येतोय म्हणून टायमिंग बेल्टवर कसलाही स्प्रे मारायचा नाही, फॅन बेल्टवर मारतात तो तर मुळीच नाही.

डिझेलवाल्यांसाठी कबूल केलं होतं तेवढं. डस्टर, लोगन किंवा व्हेरिटो, टेरानो यांच्यातलं रेनॉचं १४६१ सीसी डिझेल घ्या. तिथे टेन्शनरला काटा असतो आणि तो कुठे यायला हवा हे दाखवणारी छोटी खिडकी असते, आणि आतला एक्सेंट्रिक (मध्य सोडून फिरणारा भाग) ६ मिमीच्या अॅलन कीने (षटकोनी चावी) फिरवून ताण द्यायचा. क्रँक आणि कॅम दोन्ही पिना घालून लॉक करायचे, खुणांवर भागत नाही. आधी थोडा जास्त ताण देऊन नट आवळायचा, पिना काढून दोन फेरे द्यायचे, मग अॅलन की धरून ठेवून नट जेमतेम सैल करायचा आणि काटा खिडकीच्या बरोबर मध्ये आणून परत आवळायचा. पिना आत असताना त्यांच्या आधाराने कुठलाही बोल्ट सोडवायचा किंवा आवळायचा नाही, पिना वाकतात. आणि तिथे वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच चालतो, म्हणजे पंप जाम झाला की बेल्ट गेला, बेल्ट गेला की व्हॉल्व्ह पिस्टनवर, आणि खर्च गाडीच्या किमतीकडे बघायला लागतो. हे काम पहिल्यांदा करताय तर डिझेलवर शिकू नका, झेनसारख्या गाडीवर शिका.

काम झालं की कव्हरवर पांढऱ्या मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. आमची झेन वर्षाला जेमतेम चार हजार चालते, त्यामुळे किलोमीटर कधीच भरत नाहीत आणि रबर मात्र नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं, तेव्हा तारखेकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. जुना बेल्ट डिकीत अडीअडचणीला म्हणून ठेवू नका, रस्त्यात तो बसवायची वेळ आली तरी टॅपेट कव्हर उघडून बसणार आहात का हायवेला. आमच्याकडचा बागेतल्या शेवग्याला काठी बांधायला वापरलाय, तिथे हवा तेवढा घट्ट ओढलाय.